आमची वाटचाल : शिराळ्याच्या पिंजरावरची धिंगरी

आमच्या शिराळा तालुक्यात भात चांगला पिकतो, त्यामुळं पिंजराला, म्हणजे भाताच्या पेंढ्याला, तोटा नाही. निम्मं जनावरं खातात, उरलेलं पावसात कुजतं. त्याच पिंजरावर धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) घ्यायची ठरवून २०१७ च्या पावसाळ्यात आम्ही दोघा नवरा-बायकोनं गोठ्याशेजारच्या शेडमध्ये ५० बेड, म्हणजे पिंजर आणि अळिंबीचं बी भरलेल्या पिशव्या, टांगले.

पहिली खेप सगळी गेली. पिंजर रात्रभर भिजवलं, गरम पाण्यातून काढलं, पण निथळू द्यायला धीर धरला नाही. आठव्या दिवशी पिशव्यांच्या तळाशी पाणी साचलं होतं आणि पिंजरावर हिरवी बुरशी धरली होती. सासूबाईंनी एक पिशवी फोडून वास घेतला. म्हणाल्या, "अगं, ओली वैरण रचली की अशीच कुजते." तेव्हापासून पिंजर मुठीत घट्ट दाबून बघतो. तळवा ओलसर व्हावा, पण थेंब पडता कामा नये. ही परीक्षा अजून सासूबाईच घेतात. त्यांनी होकार दिल्याशिवाय स्पॉनची (अळिंबीच्या बियाण्याची) पिशवी उघडत नाही.

पिंजर निर्जंतुक करायला काहीजण फॉर्मेलिन आणि बुरशीनाशक वापरतात. आम्ही ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतो. सरपण जास्त लागतं, पण खायच्या वस्तूला औषध नको, हे पहिल्यापासून धरलंय.

दुसऱ्या खेपेला १८ दिवसांत अळिंबीची स्वतःची बुरशी पसरून बेड पांढरेशुभ्र झाले. पिशव्या कापल्या आणि ओलावा टिकावा म्हणून शेड गोणपाटानं गच्च बंद केलं. अळिंबी आली ती लांबलचक देठाची, टोपी रुपयाएवढी! धिंगरी श्वास घेते. कोंडलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की नुसता देठ वाढतो. ही पांढरी बुरशी पसरेपर्यंत अंधार चालतो, नंतर पेपर वाचता येईल एवढा उजेड लागतो. आता गोणपाट ओलं ठेवतो आणि सकाळ-संध्याकाळ खिडक्या उघडतो. तापमान २० ते २८ अंश, आर्द्रता ८० ते ९० टक्के. पिशवीच्या आत शेडपेक्षा दोन-तीन अंश जास्त असतात, म्हणून तापमापक भिंतीवर न लावता बेडांच्या मधोमध टांगलाय.

बाराही महिने उत्पन्न निघतं असं सांगणारे भेटतात. आमच्या पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये निघत नाही, आणि नव्यानं सुरू करणाऱ्याला आम्ही हे आधी सांगतो. ते दोन महिने वाळवलेल्या मालावर काढतो. दहा किलो ताज्या अळिंबीची वाळून साधारण किलोभर होते.

विक्रीला मात्र वेळ लागला. हॉटेलवाले बटण मशरूमच मागायचे. कराडच्या बाजारात सासूबाईंनी कांदा-लसणाच्या चटणीत परतलेली धिंगरी बायकांना चाखायला दिली, तेव्हा पाव-पाव किलोची गिऱ्हाइकं जोडली गेली.

आज ६०० बेड आहेत. टोपीची कड वर वळायच्या आत, पहाटेच काढणी होते, आणि पाटी सकाळच्या पहिल्या एसटीनं कराडला जाते.