डगमगणारी पुली आणि थरथरणारे इंजिन

गाडीचे बॉनेट उघडल्यावर क्रँकशाफ्टची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची, पुली डगमगताना दिसली आणि त्याच वेळी इंजिनही आयडलवर, म्हणजे गाडी उभी असताना, थरथरत असले, की पाहणारा बहुतेक वेळा पहिल्या दोषाला दुसऱ्याचे कारण ठरवून मोकळा होतो. पुली डोळ्यांना दिसते, तिचे हलणे पटकन पटते, आणि त्यामुळे इंजिनाच्या आतल्या साऱ्या तक्रारी तिच्याच नावावर जमा होतात. माझे मत असे आहे, की हे दोन दोष आधी वेगवेगळे तपासले पाहिजेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध आहे की नाही हे त्यानंतरच ठरवले पाहिजे. इंदूरच्या लोकमान्य नगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांच्या गाडीने हे मत अधिकच पक्के केले.

गाडी जुनी, चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी. सिग्नलवर उभी राहिली की स्टीअरिंग थरथरायचे, आणि वेग घेतला की सारे शांत व्हायचे. गॅरेजमधल्या मिस्त्रीने बॉनेट उघडून सांगितले, ‘‘पुली डगमग कर रही है बाबूजी, इसी से इंजन हिल रहा है।’’ पुली आणि इंजिनाचे तिन्ही फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यांवर बसते ते आधार, बदलण्याचा खर्चही त्याने सांगितला. काकांनी मला विचारले, ‘‘तू रोज पीथमपूरला पुलीच पाहतोस ना? मग सांग बरं, बदलू का?’’ मी त्यांना म्हणालो, ‘‘काका, पुली तर बदलावीच लागेल, पण थरथर तिच्यामुळे आहे की नाही ते आधी पाहू द्या.’’

पुली खरोखर बिघडलेली होती, याबद्दल शंका नव्हती. ही पुली एकसंध नसते. आतला हब शाफ्टवर बसतो, बाहेरच्या कड्यावर पट्टा फिरतो आणि या दोघांच्या मधे रबराचा थर असतो. प्रत्येक स्फोटाच्या धक्क्याने क्रँकशाफ्टला किंचित पीळ बसतो; तो पीळ शोषून घेणे हे त्या रबराचे काम. रबर सुटले की बाहेरचे कडे एका बाजूला झुकते आणि फिरताना लोलकासारखे डोलू लागते. मी हब आणि कडे या दोन्हींवर मिळून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली आणि गाडी थोडी फिरवून आणायला सांगितली. परत आल्यावर रेघेचे दोन तुकडे झाले होते आणि त्यांच्यात बोटभर अंतर पडले होते, म्हणजे कडे हबवर चक्क घसरत होते. रबराच्या कडेला नख लावले तर ते लोण्यासारखे मऊ लागले आणि बोटाला काळे तेल आले. हे तेल मी लक्षात ठेवले, कारण कोरडे रबर म्हातारे झाले की कडक होऊन चिरते. ते मऊ होऊन फुगते तेव्हा त्याला बहुधा तेल लागलेले असते.

आता थरथरीकडे. इथे थोडे गणित फार उपयोगी पडते. आयडलला इंजिन मिनिटाला साधारण 750 फेरे घेत असेल, तर सेकंदाला साडेबारा फेरे होतात. पुलीतला असमतोल असेल तर धक्का प्रत्येक फेऱ्याला एकदा, म्हणजे सेकंदाला साडेबारा वेळा बसायला हवा. एखादा सिलिंडर मिसिंग मारत असेल, म्हणजे त्यात स्फोट नीट होत नसेल, तर त्याची पाळी दोन फेऱ्यांत एकदाच येते, म्हणून हिसका सेकंदाला सुमारे सहा वेळा बसतो. मोबाइलच्या सेकंदाला 240 चित्रे घेणाऱ्या स्लो मोशनमध्ये 750 फेऱ्यांना पुलीची एक फेरी साधारण 19 चित्रांत पूर्ण होते. पुलीवरची पांढरी खूण आणि इंजिनाचे हलणे एकाच चित्रीकरणात घेतले, तेव्हा इंजिन एक फेरी सोडून दुसऱ्या फेरीला हिसका देताना स्पष्ट दिसले.

दुसरा पुरावा याहून सोपा आहे. फिरणाऱ्या भागातील असमतोलाचे बल वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. 750 वरून 3000 फेऱ्यांवर गेल्यास ते सोळापट होते. पुलीच दोषी असती, तर वेग वाढवताच गाडी अधिक हलायला हवी होती, आणि इथे तर ती शांत होत होती. फाउंडेशनच्या स्वतःच्या कंपनामुळे हा निष्कर्ष क्वचित फसवू शकतो, म्हणून मी पट्टा उतरवून अर्ध्या मिनिटासाठी इंजिन चालू केले. या इंजिनाचा वॉटर पंप त्याच पट्ट्यावर चालत असल्यामुळे त्याहून जास्त वेळ चालवणे योग्य नव्हते. थरथर तशीच राहिली, म्हणजे पट्ट्यावर चालणारे अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर दोघेही निर्दोष ठरले. काही इंजिनांत क्रँकशाफ्टचे फिरणे टिपणाऱ्या क्रँक सेन्सरचे दाते पुलीवरच असतात आणि पुली डगमगली की सेन्सरचे अंतर कमीजास्त होऊन मिसिंग खरोखरच होते. या गाडीत मात्र सेन्सर दुसऱ्या टोकाला, फ्लायव्हीलच्या बाजूला आहे, त्यामुळे ती शक्यताही उरली नाही.

मग पेट्रोल फवारणाऱ्या एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून पाहिला. ठिणगी देणाऱ्या कॉइलऐवजी इंजेक्टर बंद करणे मला श्रेयस्कर वाटते, कारण न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जात नाही. पहिल्या तिघांना इंजिन दबले, चौथ्याला काहीच फरक पडला नाही. तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरचे प्लग व कॉइल आपापसांत बदलूनही दोष चौथ्यातच राहिला, आणि कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, चारही सिलिंडरांत जवळजवळ सारखे आले. स्कॅनरवर इंधनाचे ट्रिम, म्हणजे संगणकाने पेट्रोलात केलेली दुरुस्ती, फारसे वाढलेले नव्हते, पण तेवढ्यावरून हवेची गळती नाही असे म्हणता येत नाही. ज्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर असतो त्यांत ट्रिम वर जाते. इथे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर आहे, आणि गळतीने दाब वाढला की संगणक त्या प्रमाणात पेट्रोलही वाढवतो.

क्रँककेसमधली, म्हणजे क्रँकशाफ्टच्या कोठीतली, वाफ ओढून घेणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हची नळी या इंजिनात चौथ्या सिलिंडरच्या वाटेजवळच मॅनिफोल्डला मिळते. नळी वरून धडधाकट दिसत होती. तिच्या कोपऱ्याखाली बोट सरकवले तेव्हा नखाएवढी चीर हाताला लागली, आणि बोटाने ती दाबून धरताच इंजिन सरळ चालू लागले; बोट काढले की पुन्हा हिसके. चौथ्या सिलिंडरला फाजील हवा मिळत होती ती इथून.

आता त्या तेलाचा उलगडा झाला. व्हॉल्व्ह काढून हलवला तर चांगल्या व्हॉल्व्हसारखा आतून खडखड आवाज आला नाही. तो चिकट गाळाने जाम झाला होता आणि एअर फिल्टरकडे जाणारी दुसरी नळीही अर्धी भरलेली होती. काकांची गाडी नातवाची शाळा, भाजी आणि फार तर राजवाड्यापर्यंत जाणारी. इतक्या छोट्या पल्ल्यात तेल पुरेसे तापत नाही, आतला ओलावा उडून जात नाही आणि त्याचा गाळ होतो. इंजिन चालू ठेवून तेल भरण्याच्या तोंडावर पातळ पॉलिथिन धरले, तर ते आत ओढले जाण्याऐवजी वर फुगले. वाट बंद झाल्यामुळे कोंडलेल्या दाबाने क्रँकच्या पुढच्या ऑइल सीलमधून तेल बाहेर ढकलले होते आणि त्याच तेलाने सीलच्या अगदी समोर असलेल्या पुलीचे रबर खाल्ले होते. दोन्ही दोष खरे होते, पण एकातून दुसरा झाला नव्हता; दोन्हींचे मूळ दुर्लक्षित राहिलेल्या त्या एका व्यवस्थेत होते. नुसती पुली बदलली असती, तर थरथर गेली नसती आणि नवे रबरही काही काळाने तेलात भिजले असते.

पुली छोटी ग्वालटोलीत मिळाली. तिथे स्वस्तात मिळणारी, मधे रबर नसलेली सलग पुली घेऊ नये असे मी आग्रहाने सांगतो, कारण तिने डगमगणे थांबते, पण क्रँकशाफ्टचा पीळ कोणीच शोषत नाही. बोल्ट सोडवण्यासाठी पाना अडकवून स्टार्टर मारण्याची जी पद्धत दिसते, तीही धोक्याची आहे. जुनी पुली काढताना ती खेचणारा पुलर हबच्या आट्यांत बसवावा, बाहेरच्या कड्याला आकडे लावू नयेत. सील बदलताना हबच्या ज्या भागावर सीलचा ओठ घासतो तिथे नख फिरवून चर पडला आहे का ते पाहावे, शाफ्टमधली चावी सैल नाही ना याची खात्री करावी आणि बोल्ट आवळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, त्याच इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्यावा. मॅन्युअलमध्ये टॉर्कनंतर अंशांत फिरवायला सांगितले असेल, तर बोल्ट बहुधा नवाच लागतो.

व्हॉल्व्ह, दोन्ही नळ्या, सील आणि पुली बसवल्यावर पुलीची डगमग मोजणाऱ्या डायल गेजचा काटा जेमतेम हलला, पॉलिथिन आत ओढले गेले आणि चारही सिलिंडर सारखे बोलू लागले. फाउंडेशन तिन्ही चांगले निघाले, ते बदलले नाहीत. काकांना मी एवढेच सांगितले आहे, की पंधरा दिवसांतून एकदा बायपासवरून देवासपर्यंत जाऊन यावे आणि प्रत्येक ऑइल बदलीला तो व्हॉल्व्ह काढून हलवून पाहायला सांगावे.