पांगाऱ्याचा कुरव

आमच्या पडवीच्या वाशाला एक पांढरा लाकडी कुरव, म्हणजे समुद्रकाठचं पाखरू, टांगलेला आहे. पोटाखालची शिशाची गोळी जरा खाली ओढून सोडली की त्याचे पंख सावकाश वर-खाली होत राहतात. १९८६ साली, आठवीत असताना, आपल्या शाळेच्या हस्तव्यवसायाच्या तासाला मी तो केला. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा निरोप आला, तेव्हा मी त्याच्याच खाली बसलो होतो.

सावंतवाडीच्या मुलांना लाकडी वस्तूंचं अप्रूप नव्हतं. चितारआळीतून शाळेत येताना दुकानांच्या फळ्यांवर लाकडी आंबे, केळी, सीताफळं रोज दिसायची. त्यामुळे सरांनी पक्षी काढायला सांगितल्यावर आम्ही सगळ्यांनी दुकानातला पोपटच कागदावर उतरवला. सर रागावले नाहीत. एकेक कागद उचलून विचारत गेले, "ह्या पाखरू खंयचा रे?" कुणालाच सांगता येईना.

पुढचे तीन तास आम्ही पटाशीला हात लावला नाही. फेब्रुवारी होता. शाळेमागच्या गडग्यालगतचे पांगारे पानं झडून लाल झाले होते. सर आम्हांला तिथे नेऊन बसवायचे. साळुंक्या, बुलबुल, कावळे, इवलेसे शिंजीर, सगळ्यांची त्या फुलांवर झुंबड. मिटलेल्या पंखांची टोकं शेपटीवर कुठवर येतात, चोच डोळ्याच्या रेषेत आहे की खाली, एवढंच वहीत टिपायचं. मला मात्र कुरव करायचा होता. मामा वेंगुर्ल्याचे, थंडीत रापणीच्या वेळी, म्हणजे मासळीचं जाळं काठावर ओढताना, किनाऱ्यावर उतरणारे कुरव मी लहानपणापासून पाहत आलो होतो. सरांनी हो म्हटलं, पण दोन रविवार वेंगुर्ल्याला जाऊन ते पुन्हा नीट बघून यायच्या अटीवर. त्या दोन रविवारी मला पहिल्यांदा कळलं की उडताना कुरवाचा पंख सरळ नसतो, मधोमध कोपरासारखा वाकलेला असतो.

लाकूडही पांगाऱ्याचंच. लाकडी खेळणी करणारी चितारी मंडळी पूर्वीपासून हेच वापरत आली, कारण ते हलकं आणि मऊ; आठवीतल्या पोराच्या हातातही पटाशी अडत नाही. तासून, कानस मारून झालं की चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजायचे, भिजवून टरफलं काढायची, वाटून शिजवायचे. त्यात खडूची पूड कालवून अंगावर पातळ हात द्यायचा, वाळला की पॉलिशपेपर, मग दुसरा हात. किडीसाठी खळीत चिमूटभर मोरचूद. तो हिरवट-निळा रंग आणि शिजल्या चिंचोक्यांचा वास वर्गभर पसरायचा. आजही बाइंडिंगच्या जुन्या दुकानात तो वास आला की माझे पाय थबकतात.

खरी परीक्षा पंखांची. ते अंगाला कापडाच्या पट्टीने जोडलेले, प्रत्येकाला दोन भोकं, त्यांतून वर जाणारे दोरे. भोक अंगापासून लांब पडलं तर अंग खाली ओढलं जातं आणि पंख नमस्कार केल्यासारखे उभे राहतात. फार जवळ पडलं तर टोकं लोंबतात, पाखरू पावसात भिजल्यासारखं दिसतं. म्हणून सर आधी गिरमिट हातात देतच नसत. दोऱ्याचा फास पंखावर पुढे-मागे सरकवायचा, पंख आडवे तोलले गेले की तिथे पेन्सिलीची खूण, आणि मगच भोक. विज्ञानाच्या पुस्तकात तरफ आणि टेकू होते. मला ते त्या फासाने शिकवले.

माझा पहिला कुरव मात्र टिकला नाही. घाईघाईने मी कुंपणातली ओली फांदी तोडून आणली होती. जुलैत पडवीत टांगलेल्या त्या पाखराचा रंग फुगून आला, पोटावर बुरशी धरली आणि गणपतीपर्यंत छातीला उभी चीर गेली. मी तो सरांपुढे ठेवला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी चिरेत नख घालून बघितलं आणि माळ्यावरचा, वर्षभर सावलीत वाळलेला ओंडका मला काढून दिला. त्यातून झाला तो आज पडवीत आहे. शिशाची गोळी मामांच्या जाळ्याची.

सर आता नाहीत. ओंडका सावलीत वाळवायची त्यांची सवय माझ्या हाताला लागली आहे. दर उन्हाळ्यात एखादा पांगारा पडला की मी लाकूड मागून आणतो आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याला हात लावत नाही. माझ्या दोन्ही मुलींनी आपापली पाखरं केली. थोरलीने हळद्या, धाकटीने खंड्या.

समारंभाला येताना एक नवा कुरव आणतो आहे. शाळेच्या व्हरांड्यात घंटेशेजारचा वासा मी मनात धरला आहे. दोरे मुद्दाम लांब ठेवलेत, पाचवीतल्या मुलाचा हात गोळीपर्यंत पोचावा म्हणून.