चेरोकी १४०: तिसऱ्या सिलिंडरची मजुरी आणि तासांची फोड
माझ्या चेरोकी १४० या छोट्या विमानाच्या इंजिनातील तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन ५६/८० आल्याचे (म्हणजे ८० पीएसआय दाबाने हवा सोडल्यावर आत ५६च टिकल्याचे) मी मागच्या नोंदीत लिहिले होते. तो सिलिंडर बदलावा न लागता अखेर जागेवरच राहिला, हे कळवताना मला मनापासून आनंद होत आहे.

टेक्सासमधील ज्या शॉपने अ‍ॅन्युअल (विमानाची वार्षिक तपासणी) केले, त्यांनी सिलिंडर बदलण्यासाठी ताशी ९५ डॉलर दराने १८ तास, म्हणजे सुट्या भागांखेरीज १,७१० डॉलर मजुरी सांगितली. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या आयए (तपासणीचा अधिकार असलेल्या) मेकॅनिकचा दर ताशी १३० डॉलर होता, पण त्याच कामाला तास ९ लागणार होते, म्हणजे १,१७० डॉलर. नुसत्या ताशी दरावरून शॉप निवडणे किती फसवे आहे, हे यावरून दिसावे. मी दोघांकडे तासांची फोड मागितली. शॉपने सगळे तास ‘इंजिनाचे काम’ या एका ओळीत दाखवले. आयएने मात्र काउलिंग (इंजिनावरचे आवरण), बॅफल (थंड हवा वळवणारे पत्रे), एक्झॉस्ट, इनटेक पाइप, पुशरॉड असे वेगवेगळे लिहून दिले आणि कॉम्प्रेशन तपासताना हवा नेमकी कुठून गळते हे कोणी ऐकले आहे का, असे विचारले.

फुसफुस एक्झॉस्टमधून येत होती, ऑइल फिलरमधून नव्हे. म्हणजे संशय पिस्टनच्या रिंगांवर नसून एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर होता. एबलस्कोपचे टोक वळवून पाहिले (सिलिंडरच्या आत पाहण्याचा हा छोटा कॅमेरा प्रत्येक मालकाकडे असावा), तेव्हा व्हॉल्व्हवरचे डाग मध्याभोवती एकसारखे गोल होते आणि कडेला जळाल्याची एकांगी छटा नव्हती. इंजिन बनवणाऱ्या लायकोमिंगचे ११९१ए पत्रक ६०च्या खालच्या आकड्याला सिलिंडर काढण्याचा विचार करायला सांगते. तो विचार व्हॉल्व्ह पाहून झाल्यावरच करावा, असे माझे ठाम मत आहे, कारण सिलिंडर काढताना थ्रू बोल्ट (इंजिनाचे दोन्ही अर्धे भाग आवळून धरणारे लांब बोल्ट) सैल होतात आणि पुन्हा आवळताना टॉर्क (आवळण्याचा जोर) चुकला तर क्रँकशाफ्टचे मेन बेअरिंग धोक्यात येते.

आयएने व्हॉल्व्हची स्प्रिंग काढून व्हॉल्व्ह जागेवरच लॅप केला (घासून नीट बसवला) आणि कॉम्प्रेशन ७४/८० आले! अमेरिकी विमान देखभालीच्या पार्ट ४३ या नियमांनुसार काउलिंग व प्लग मी स्वतः काढले, एक्झॉस्ट त्याच्या देखरेखीखाली उतरवले, त्यामुळे बिल ४ तासांचे, ५२० डॉलर झाले. स्प्रिंग निघालेले असताना व्हॉल्व्हच्या गाइडची (व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीत सरकतो तिची) ढिलाई मोजणारी वॉबल टेस्टही झाली. ढिलाई मर्यादेत निघाली.

एलईडी लँडिंग लाइट पुढच्या महिन्यात बसवणार होतो, पण हे लिहिता लिहिता वाटू लागले आहे की आधी उरलेल्या तिन्ही सिलिंडरांची वॉबल टेस्ट उरकावी. त्या टेस्टचे कोटेशन मी प्रत्येक सिलिंडरचे तास वेगळे दाखवून मागणार आहे.