मागच्या दाराचं दुखणं

आजचा अख्खा रविवार जुन्या स्टेशन वॅगनच्या, म्हणजे मागे सामानाला ऐसपैस जागा असलेल्या लांब गाडीच्या, मागच्या दारापाशी गेला. इंजिन बाजूलाच राहिलं. खरं तर या गाड्यांचं दुखणं इंजिनापेक्षा मागच्या पत्र्यातच जास्त. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती मातीने बुजली की पाणी आत साचतं आणि पत्रा आतून सडत जातो. बाहेरून दिसतात नुसते रंगाचे फोड. आज एका फोडावर तारेचा ब्रश फिरवून स्क्रूड्रायव्हर टोचला, तर आरपार! मग चकचकीत पत्रा लागेपर्यंत ग्राइंडरने कापत गेलो. वरून पुट्टी लिंपून मोकळे होणारे महाभाग असतात, पण गंज पुट्टीखालीही आपलं काम चालूच ठेवतो.

बिजागरीचे बोल्ट काही केल्या हलेनात. गंज सोडवणारं तेल मारलं, पुसलं, हीटगनने तापवलं, थंड होऊ दिलं, पुन्हा तेल. शेवटचा बोल्ट करकरत फिरला तेव्हा असा ओरडलो की शेजारी दचकले असतील.

तिथेच वायरिंगही तुटलेलं निघालं. दाराची उघडझाप होऊन वायर नेमकी बिजागरीपाशी मोडते. मागचा वायपर का रुसला होता, ते कळलं.

आता वेल्डिंग. त्याआधी पेट्रोलची टाकी उतरवायची, म्हणजे पुन्हा गंजलेले बोल्ट आलेच.