दुसरी सिरिंज

जुलैची सकाळ. रात्रभर पाऊस धो धो कोसळला होता, कुर्ला-शीवच्या मध्ये रुळांवर पाणी, गाड्या जागच्या जागी. मॉर्निंगच्या सीनियर सिस्टर कुठल्याशा डब्यात अडकलेल्या आणि माझी नाइट संपून पाऊण तास झालेला. वेळेवर पोचली ती एकटी ज्युनिअर, कारण ती हॉस्टेलवर राहते. नोकरीला लागून तिला जेमतेम दीड महिना. शेजारच्या वॉर्डच्या सिस्टर म्हणाल्या, मी बघते मधूनमधून, तू नीघ.

तिला ओव्हर दिली, म्हणजे पेशंटची माहिती सांगून ड्युटी सोपवली. दिली कसली, उरकली. ओव्हर खरं तर बेडपाशी उभं राहून, चार्ट हातात धरून द्यायची. मी काउंटरला टेकून, एक डोळा मोबाइलवर ठेवून म्हटलं, “अकरा नंबरच्या आजींना नाश्त्याआधी इन्सुलिन. चार्टवर लिहिलंय.”

लिहिलं मीच होतं. सहाचा आकडा आणि त्याला चिकटून, ‘युनिट’ऐवजी, नुसता इंग्रजी यू. पहाटे चारचं अक्षर ते. यूचं तोंड मिटून गेलेलं. वाचणारीला साठच दिसणार.

छत्री शोधत होते तेवढ्यात ती मागून आली. “सिस्टर, अजून एक सिरिंज लागेल.”

“ट्रॉलीच्या खालच्या खणात बघ,” म्हटलं आणि जिना उतरायला लागले.

एक मजला उतरल्यावर पाय अडले. एका इंजेक्शनला दुसरी सिरिंज कशाला? आमच्या वॉर्डातली इन्सुलिनची बाटली मिलिलीटरला ४० युनिटची, तिची लाल टोपणाची सिरिंजही ४० युनिटचीच. साठ द्यायचे तर एक गच्च भरून वर अर्धी. (१०० युनिटवाली बाटली आणि नारिंगी टोपणाची सिरिंज असती, तर साठ एकीतच मावले असते. तिने काही मागितलं नसतं आणि मी घरी जाऊन झोपले असते. अजून पोटात गोळा येतो.)

वर आले तेव्हा आजी पोटावरचा पदर सारून बसल्या होत्या. ट्रेमध्ये दोन सिरिंजा. ही स्पिरिटचा बोळा पिळत होती. मी काही न बोलता ट्रेच उचलला.

बाहेर आल्यावर तिला रडू फुटलं. “मी विचारलं होतं तुम्हाला.”

“कधी?”

“सिरिंज मागितली ना! वाटलं, चुकत असेल तर तुम्ही म्हणालच.”

‘सिस्टर, साठ जास्त नाहीत का?’ हे वाक्य दीड महिन्याच्या मुलीच्या तोंडून निघत नाही. आणि निघालं असतं तरी त्या घाईत मी तिच्यावर खेकसलेच असते, खोटं कशाला बोलू?

इन्सुलिन दोघींनी तपासून द्यायचं हा नियम आमच्याकडेही आहे. त्या दिवशी दुसरी गाडीत होती. यूचा घोळही नवा नाही. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्येच हे अक्षर वर्ज्य शब्दांच्या यादीत टाकलं, युनिट पूर्ण लिहा म्हणून. मला ते ट्रेनिंगमध्ये शिकवलंही होतं.

आम्ही रिपोर्ट लिहिला, दोघींनी सह्या केल्या. मग मी स्वतः सहा युनिट भरले, तिला मोठ्याने वाचायला लावले आणि आजींना टोचले. आजी पदर सावरत म्हणाल्या, “हां, रोज एवढंसंच असतं. मघाशी काठोकाठ दिसलं. म्हटलं, डॉक्टरांनी वाढवलं असेल. तुम्ही शिकलेल्या पोरी, मी कशाला मध्ये बोलू?”