दिसत नाही, मग बाहुली का आकसते?

सोलापुरात डोळे तपासण्याच्या कामात मला तीस वर्षे होत आली. एवढ्या काळात रुग्णांच्या घरच्यांनी सर्वांत जास्त वेळा, आणि बहुधा आवाज खाली आणून, विचारलेला प्रश्न असा: "काहीच दिसत नाही म्हणता, मग बॅटरी मारल्यावर त्यांची बाहुली लहान कशी होते?" अलीकडे पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कामगाराच्या मुलाने तो पुन्हा विचारला. त्याच्या वडिलांना दृष्टिपटलाचा आनुवंशिक विकार आहे. तरुणपणी रातांधळेपणा आला, चाळिशीत मागावरचा तुटलेला धागा सापडेनासा झाला आणि आता समोर दिवा आहे की नाही, हेही त्यांना सांगता येत नाही. मुलाने घरी मोबाइलच्या उजेडात बाहुली आकसताना पाहिली होती आणि तेवढ्यावर मोठी आशा बांधली होती. 'बाबांना दिसतं, पण सांगत नाहीत' असा संशयही त्याच्या बोलण्यात होता. तो संशय मी अनेक घरांत पाहिला आहे, आणि अंध माणसाला तो फार जाचतो.

बाहुली आकसणे ही दिसण्याची खूण नव्हे. आपण शाळेत शिकलो ते असे की, दृष्टिपटलावर दंडाकार आणि शंक्वाकार अशा दोनच प्रकारच्या पेशी प्रकाश टिपतात. या माणसाच्या डोळ्यात नेमक्या त्याच मेल्या आहेत. मात्र त्यांच्यापुढच्या थरात, जिथून दृष्टिचेतेचे तंतू निघतात त्या गँग्लियन पेशींमध्ये, अगदी थोड्या पेशी स्वतःच प्रकाश ओळखतात. त्यांच्यात मेलानॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते आणि सुमारे 480 नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला ते सर्वाधिक प्रतिसाद देते. मोबाइलच्या पांढऱ्या दिव्यात निळा अंश भरपूर असतो, म्हणून त्या मुलाचा प्रयोग साधला. या पेशींचा संदेश मध्यमेंदूत पोहोचतो, तेथून दोन्ही बाजूंना वाटला जातो आणि परत फिरून बाहुलीभोवतीच्या वर्तुळाकार स्नायूला आवळतो. एका डोळ्यावर उजेड टाकला तरी दोन्ही बाहुल्या लहान होतात त्या यामुळेच. चित्र जुळवणाऱ्या मेंदूच्या मागच्या भागाचा या फेऱ्यात काहीही संबंध येत नाही.

हे कळायला विज्ञानालाही वेळ लागला. क्लाइड कीलर या अमेरिकी संशोधकाने 1927 साली लिहून ठेवले होते की, ज्यांच्या दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या नेहमीच्या पेशी नाहीत अशा आंधळ्या उंदरांच्याही बाहुल्या उजेडात आकसतात. त्यानंतर मेलानॉप्सिन सापडले ते 1998 मध्ये, आणि तेही डोळ्यावर नव्हे तर बेडकाच्या कातडीवर काम करताना! गँग्लियन पेशी स्वतः प्रकाश ओळखतात, हे डेव्हिड बर्सन आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवले. पुढे उंदरांमधील या पेशी मुद्दाम नष्ट केल्यावर, दंडाकार आणि शंक्वाकार पेशी शाबूत असूनही, बाहुली जवळजवळ हलेनाशी झाली. म्हणजे निरोगी डोळ्यातही त्या दोघींचा बाहुलीकडचा निरोप याच वाटेने जातो.

निरोगी डोळ्यात कामाची वाटणी मोठी सुरेख असते. मागाच्या शेडमधून आपण एप्रिलच्या दुपारी रस्त्यावर आलो की पहिल्या झटक्यात बाहुली आकसते ती मुख्यतः दंडाकार आणि शंक्वाकार पेशींमुळे. त्या पेशी लवकरच उजेडाला सरावतात, तरीही रस्त्यावर असेपर्यंत बाहुली लहानच राहते, कारण मेलानॉप्सिनच्या पेशी सावकाश जाग्या होतात पण चिकाटीने संदेश देत राहतात. त्या कामगाराची बाहुलीही तशीच, क्षणभर थांबून, संथपणे आकसली होती. (बाहुली अजिबात हलली नाही, तर आम्ही आधी औषधाचे थेंब घातले होते का ते विचारतो आणि मग शेतातल्या धोतऱ्याबद्दल, कारण त्याचा रस लागलेल्या बोटाने डोळा चोळला तरी तो स्नायू सैल पडून बाहुली मोठी होते.)

वाढलेल्या काचबिंदूत मात्र खुद्द गँग्लियन पेशीच मरतात, त्यामुळे तिथे बाहुलीचा प्रतिसाद मंदावतो. मोतीबिंदू कितीही पिकला तरी बाहुली नीट आकसायला हवी. ती आकसत नसेल तर शस्त्रक्रियेने कितपत दिसेल याबद्दल आम्ही घरच्यांना आधीच सावध करतो. बॅटरी मारण्याला त्यामुळे अजूनही पर्याय नाही.

मुलाला हे सारे सांगितल्यावर तो काही वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे त्या उजेडाचा त्यांना काहीच उपयोग नाही." उपयोग आहे. याच पेशी मेंदूतल्या घड्याळाला दिवस उजाडल्याचे कळवतात, आणि त्या जिवंत असलेल्या काही पूर्ण अंध माणसांमध्येही प्रखर उजेडाने रात्री झोपेचे संप्रेरक घटते, असे तपासून पाहिलेले आहे. वडील दिवसभर आतल्या खोलीत काळा चष्मा लावून बसतात आणि रात्री जागतात, असे त्याने स्वतःच आधी सांगितले होते. मी म्हटले, चष्मा लोकांसमोर लावू द्या. सकाळी मात्र त्यांना चष्म्याशिवाय तासभर ओट्यावर बसवा.