एअरगनची रील आणि कंपनीची जबाबदारी

काजूला मोहोर आला, हापूस धरायला लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मोबाइलवर एअरगनच्या रील दिसायला लागतात. साधारण मजकूर असा: 'सेकंदाला १२०० फूट वेग, लायसनची गरज नाही, वांदर पुन्हा बागेत येणार नाही, घरपोच.' वर्षाचं उत्पन्न डोळ्यांदेखत ओरबाडलं जाताना बघणाऱ्या बागायतदाराला हे पटतं, यात त्याचा काही दोष नाही. पण या एका ओळीतच कंपनीला जबाबदार धरण्याचा मसाला आहे.

आधी वेग आणि लायसन. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिमी (पॉइंट १७७) नळीच्या आणि २० ज्यूलच्या (ज्यूल म्हणजे छर्‍याच्या ऊर्जेचं माप) आतल्या एअरगनला परवाना लागत नाही. ज्यूल घरच्या घरी काढता येतात: छर्‍याचं वजन ग्रॅममध्ये घ्या, त्याला वेगाच्या (मीटर प्रति सेकंद) वर्गाने गुणा, २००० ने भागा. शिशाचा साधा छर्रा सुमारे ०.५२ ग्रॅमचा. १२०० फूट म्हणजे ३६६ मीटर. उत्तर येतं जवळजवळ ३५ ज्यूल. २० ज्यूलच्या आत राहायचं तर हाच छर्रा साधारण ९१० फुटांपुढे जाऊ शकत नाही. कंपन्या वेग मोजताना कधीकधी हलका मिश्रधातूचा छर्रा वापरतात, तो ०.३५ ग्रॅमचा धरला तरी १२०० फुटांना २३ ज्यूल होतात. म्हणजे वेग तरी खोटा, नाहीतर 'लायसन नको' तरी खोटं. वेग खरा असेल तर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा विकत घेणाऱ्याच्या अंगावर येतो. वेग खोटा असेल तर ती ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(२८) मधली दिशाभूल करणारी जाहिरात.

दुसरं, वांदर. वानर, माकड आणि रानडुक्कर तिन्ही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या संरक्षणाखाली येतात. त्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. कलम ५२ प्रमाणे गुन्ह्याला चिथावणी देणाराही गुन्हेगार. माकडाला छर्रा मारून दाखवणारी रील माझ्या मते थेट इथे बसते.

बंदूक बनवणाऱ्यावर जाहिरातीसाठी दावा ही कल्पना अमेरिकेत नीट तावून सुलाखून निघाली आहे. तिथे २००५ च्या एका संघीय कायद्याने बंदूक कंपन्यांना भक्कम कवच दिलंय: बंदुकीचा दुसऱ्याने गुन्ह्यासाठी वापर केला तर कंपनीवर सहसा दावा चालत नाही. अपवाद असा की विक्री किंवा जाहिरातीबाबतचा कायदा कंपनीने जाणूनबुजून मोडलेला असला पाहिजे. तिथल्या कनेक्टिकट राज्यातल्या सँडी हुक शाळेत २०१२ मध्ये एका बंदूकधाऱ्याच्या गोळीबारात २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. त्यांच्यापैकी काहींच्या कुटुंबांनी याच फटीतून वाट काढली. कनेक्टिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये जाहिरातीचा मुद्दा चालू दिला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदूक बनवणाऱ्या रेमिंग्टनच्या विमा कंपन्यांनी ७ कोटी ३० लाख डॉलरवर तडजोड केली. उलट, मेक्सिको सरकारचा बंदूक कंपन्यांवरचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये एकमताने अडवला, कारण कंपन्यांनी बेकायदा विक्रीला साथ दिल्याचं ठोस म्हणणं त्यात दिसलं नाही. नुसतं 'यांच्यामुळे हिंसा वाढते' म्हणून भागत नाही. कुठली जाहिरात, कुठला कायदा, हे बोटाने दाखवावं लागतं.

आपल्याकडे बंदूक कंपन्यांना असं खास कवच नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ८४ खाली सदोष रचना, दिलेल्या हमीशी न जुळणारा माल किंवा धोक्याची पुरेशी सूचना नसणं यासाठी उत्पादक जबाबदार ठरतो. कंपनी कलम ८७ दाखवून म्हणेल, 'ग्राहकाने गैरवापर केला, आमच्या पत्रकात प्राण्यांवर वापरू नका असं छापलंय.' पण जो वापर कंपनीनेच रीलमध्ये करून दाखवला त्याला गैरवापर कसं म्हणायचं? यावरच जोर द्यावा. खरी अडचण वेगळी आहे. शेजारच्या अंगणातल्या पोराच्या डोळ्याला छर्रा लागला तर ते पोर 'ग्राहक' नसतं. त्याच्यासाठी दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावाच बरा.

जाहिरातीपुरती तक्रार मात्र कोणीही करू शकतं, जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा थेट केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे. त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे उत्पादकाला आणि जाहिरात करणाऱ्या इन्फ्लुएन्सरलाही १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

बहुतेक प्रकरणं पुराव्यात मार खातात. अपघात झाला की रील दुसऱ्या दिवशी गायब. म्हणून ऑर्डर देतानाच स्क्रीन रेकॉर्डिंग करा: खात्याचं नाव, लिंक, तारीख, खालच्या कमेंटना कंपनीने दिलेली उत्तरं, सगळं एका सलग चित्रणात. नुसता स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला तर फाइल दाबली जाते, बदलते. मूळ फाइल ज्या फोनवर आहे तो फोन विकू नका. असं चित्रण पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, त्याचे दोन भाग असतात आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदलली की बदलणारा तिचा ओळख-क्रमांक) भरावी लागते. डबा, पावती, पत्रक आणि उरलेले छर्रे एकत्र ठेवा, छर्‍यांचं वजन सोनाराच्या काट्यावर करून घ्या. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षं, आणि ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते; कंपनी दिल्लीची असली म्हणून दिल्ली गाठावी लागत नाही.